लॅमिंग्टन रोडची पुडी की तयार बोर्ड?

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोकांनी हवेतून एकमेकांशी बोलायचा, सेट घरी बांधायचा म्हटलं की आपल्याकडे बिटेक्स या सेटचं नाव आधी निघतं. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी तो भारतात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून उभा केला. पहिला बिटेक्स-२० हा १४ मेगाहर्ट्झचा. पुढे २०१६ साली ७ मेगाहर्ट्झच्या बिटेक्स-४० चं तयार बोर्ड आलं. अँटेना, माइक, स्पीकर आणि १२ व्होल्ट जोडले की संध्याकाळपर्यंत सेट बोलतो. घाई असेल तर असं तयार बोर्डच घ्या.

पण माझा जीव अडकलाय तो मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून गाठलेल्या लॅमिंग्टन रोडमध्ये, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या त्या बाजारात. काउंटरवर चिठ्ठी द्यायची, रेझिस्टर कागदाच्या पुडीत बांधून मिळायचे. फिल्टरला, म्हणजे नको ते सिग्नल गाळणाऱ्या भागाला, १० मेगाहर्ट्झचे चार क्रिस्टल (ठरावीक वारंवारितेला कंप पावणारे तुकडे) लागत, मी वीस आणायचो. छापलेलं सगळ्यांवर सारखंच, पण मोजलं की थोडाथोडा फरक. त्यातले जवळजवळचे चार निवडायचे. कॉइल गुंडाळायच्या कड्या, म्हणजे टोरॉइड कोर, मिळाले नाहीत, तर फरहान यांनी सुचवल्याप्रमाणे नळाच्या वॉशरवर तार गुंडाळायची!

एकदा २एन३९०४ या ट्रान्झिस्टरऐवजी बीसी५४७ लावला आणि सेट दोन आठवडे मुका. दोघांच्या पायांचा क्रम उलटा असतो, हे तेव्हा कळलं ते कायमचं. तयार बोर्डावर ही चूक होतच नाही, म्हणून ती शिकायलाही मिळत नाही. मी आजही पुडीच घेईन.

प्रक्षेपणासाठी परीक्षा आणि सरकारी परवाना मात्र दोन्हीकडे लागतोच.