हरभट रोडवरचे दुरुस्तीचे दुकान: कॉर्डलेस फोनची बॅटरी बदलण्यासाठी

सांगलीत हरभट रोडवर रेडिओ आणि टेलिफोन दुरुस्तीचे एक जुने, अरुंद दुकान आहे. कॉर्डलेस फोनची बॅटरी बदलायची असेल तर तिथेच जावे, असे मी आवर्जून सुचवेन. काम चोख होते हे तर आहेच, पण उतरवलेल्या जुन्या बॅटरीची तिथे जी काळजी घेतली जाते, ती मला या शहरात दुसरीकडे कुठे पाहायला मिळाली नाही.

माझ्या सासऱ्यांना मोबाइलची सपाट काच वापरणे जमत नाही, त्यामुळे मोठ्या बटणांचा कॉर्डलेस हाच त्यांचा फोन आहे. तो रात्रभर स्टँडवर ठेवला, पडद्यावर बॅटरी भरलेली दिसली, तरी दोन वाक्ये बोलून होण्याआधीच बंद पडू लागला. एका मोठ्या दुकानात सेट उघडूनही न पाहता नवा घेण्याचा सल्ला मिळाला. हरभट रोडच्या मालकांनी मात्र मागचे झाकण सरकवले, तारांना हात न लावता प्लास्टिकच्या प्लगला धरून बॅटरी अलगद सोडवली आणि मीटर लावला. मीटरवर ३.९ व्होल्ट दिसले, म्हणजे वरवर पाहता बॅटरी ठणठणीत होती. मग त्यांनी तिला एक छोटा बल्ब जोडला, तसा काटा झरझर ३ च्याही खाली उतरला. "काकू, सेट चांगला आहे, सेल गेलाय," एवढेच ते म्हणाले. बॅटरी मोकळी असताना दाखवते तो व्होल्टेज आणि काम करताना टिकवते तो व्होल्टेज यांतला फरक त्यांनी समोर करून दाखवला, आणि त्यामुळे चालू स्थितीतला एक फोन भंगारात जाण्यापासून वाचला.

या फोनमध्ये १.२ व्होल्टचे तीन निकेल मेटल हायड्राइड सेल एकत्र गुंडाळलेला ३.६ व्होल्टचा पॅक असतो. नवा पॅक निवडताना मालकांनी ज्या गोष्टी तपासल्या, त्या घरी बॅटरी बदलणाऱ्यांनीही लक्षात ठेवाव्यात. प्लग नेमका बसला तरी लाल आणि काळ्या तारांचा क्रम उलटा असलेले पॅक बाजारात येतात, म्हणून त्यांनी आधी जुना आणि नवा पॅक शेजारी धरून क्रम जुळवला. वेष्टनावर १८०० एमएएच (बॅटरीच्या साठवणक्षमतेचे माप) असे ठळक छापलेला एक पॅक त्यांनी स्वतःच बाजूला सारला, कारण ट्रिपल-ए, म्हणजे रिमोटमधल्या बारीक सेलच्या, आकाराच्या अशा सेलची खरी क्षमता हजार-अकराशेच्या आसपासच संपते. निकेल पॅकचा ३.६ आणि लिथियम सेलचा ३.७ व्होल्ट हे आकडे जवळचे दिसतात म्हणून लिथियम सेल जोडून देणारे लोकही असतात. हा प्रकार थेट धोक्याचा आहे. निकेलच्या बॅटरीसाठी बनवलेला स्टँड भरलेल्या बॅटरीलाही बारीक प्रवाह देत राहतो. निकेलचा सेल तो सोसतो, लिथियमचा सेल मात्र तापून पेट घेऊ शकतो. घड्याळातले साधे अल्कलाइन सेल घालणेही तितकेच चुकीचे, कारण ते पुन्हा चार्ज होण्यासाठी बनलेले नसतात आणि गळतात किंवा फुटतात.

पॅकचे अडीचशे रुपये घेतले, बसवण्याचे वेगळे काही घेतले नाहीत. पहिल्यांदा सोळा तास सलग चार्ज करा, असे सांगितले. तसे केले आणि फोन पूर्ववत चालू झाला.

आता जुन्या बॅटरीविषयी. मालकांनी तिच्या प्लगच्या टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि ती काउंटरखालच्या कोरड्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवली. डब्यातली प्रत्येक बॅटरी अशीच टेप लावलेली होती. "गेलेल्या" बॅटरीतही थोडा जीव उरलेला असतो आणि दोन टोके धातूला लागली तर ती तापते, म्हणून ही खबरदारी आवश्यक आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सेटमधल्या काही पॅकवर निकेल-कॅडमियम असे लिहिलेले किंवा फुली मारलेल्या कचराकुंडीच्या चिन्हाखाली 'सीडी' ही रोमन अक्षरे छापलेली दिसतात. त्यांच्याबाबत तर हलगर्जीपणा चालणारच नाही. कॅडमियम मूत्रपिंडे आणि हाडे निकामी करते. जपानमध्ये जिंझू नदीच्या काठच्या लोकांना खाणीतून आलेल्या कॅडमियममुळे झालेला इताई-इताई हा आजार त्याचा पुरावा आहे. ज्या शहराचे पिण्याचे पाणी कृष्णेतून येते आणि ज्याच्या पेठांत २०१९ साली पुराचे पाणी शिरले, तिथे असा सेल उघड्या कचऱ्यात पडणे मला अजिबात मान्य नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्येही वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे देण्याची जबाबदारी ग्राहकावर टाकलेली आहे. म्हणजे घंटागाडीत ओल्या-सुक्याबरोबर ती टाकून आपण मोकळे होत नाही.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. डबा भरला की तो अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे जातो, असे मालक सांगतात; पण त्याची पावती किंवा कागद त्यांना दाखवता आला नाही. त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही, तरी इतक्या मनापासून बॅटऱ्या जपणाऱ्या दुकानाने ती पावती काउंटरवर लावावी, अशी विनंती मी त्यांना केली आहे. या एका कारणासाठी पाचपैकी चार गुण देते.

जाताना फक्त बॅटरी न नेता हँडसेट आणि स्टँड दोन्ही घेऊन जावे, कारण स्टँडच्या पत्र्यांवर पांढरट-हिरवट थर चढला असेल तर तोही ते तिथेच साफ करून देतात. घरात पडून असलेले जुने पॅकही सोबत न्यावेत. त्यांच्याकडून काही विकत घेतले नसले तरी ते ठेवून घेतात.