नव्या डेस्कटॉपसाठी बनवलेला रिकव्हरी ड्राइव्ह: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुमारास घरासाठी विंडोज ११ चा तयार डेस्कटॉप घेतला. खोक्यात वॉरंटीचा कागद होता, कीबोर्ड-माउस होते, पण डिस्क एकही नव्हती. आजकाल ती कोणीच देत नाही. विंडोज ७ च्या काळात नवा संगणक सुरू केला की ‘रिकव्हरी डिस्क बनवून घ्या’ अशी सूचना यायची आणि ४.७ जीबीच्या तीन-चार कोऱ्या डीव्हीडी आणून आपणच त्या लिहायच्या असत. आता डीव्हीडी ड्राइव्हच नसतो. विंडोजची कारखान्यातली मूळ प्रत एसएसडी या साठवणीच्या भागावरच्या एका लपलेल्या विभागात किंवा विंडोजच्या फायलींमध्येच असते, आणि त्यातली मेख अशी की एसएसडीच गेली तर ही प्रतही तिच्याबरोबर जाते. म्हणून विंडोजमधल्या साधनाने पेन ड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह, म्हणजे संगणक बिघडल्यास त्यावरून सुरू करून विंडोज पुन्हा टाकता येईल असा ड्राइव्ह, बनवला, तो तपासून पाहिला आणि पुढे एसएसडी बदलताना प्रत्यक्ष वापरला. हे साधन संथ आहे, काय चालले आहे ते धड सांगत नाही, तरीही नव्या संगणकाच्या पहिल्याच आठवड्यात हे काम उरकून घ्यावे, असे माझे मत झाले आहे.

बनवण्याची रीत सोपी आहे. स्टार्ट मेनूमध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ असे शोधले की साधन सापडते. पहिल्याच पडद्यावर सिस्टिम फायलींचीही प्रत घ्यायची का, असे विचारणारा चौकोन असतो; त्यातली खूण काढू नये. ती काढली तर पेन ड्राइव्हवर फक्त दुरुस्तीची साधने येतात, विंडोज पुन्हा टाकता येत नाही. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा आणि शक्यतो यूएसबी ३ चा घ्यावा, आणि त्यावरचे सगळे पुसले जाणार हे गृहीत धरावे. त्यानंतर हिरवी पट्टी सरकू लागते आणि एका जागी बराच वेळ अडते. किती टक्के काम झाले, किती वेळ लागेल, यांपैकी काहीही दिसत नाही. माझी जेवणे आटोपली तरी पट्टी जिथल्या तिथे होती, पण पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत होता, म्हणून हात लावला नाही. संगणक मध्येच झोपी जाऊ नये म्हणून स्लीप आधीच बंद करून ठेवावे आणि वीज टिकण्याचा भरवसा नसेल तर यूपीएसवरच हे काम करावे.

तयार झालेला पेन ड्राइव्ह उघडल्यावर ‘सोर्सेस’ या फोल्डरमध्ये ‘रिकन्स्ट्रक्ट’ नावाच्या मोठमोठ्या फायली ओळीने दिसतात. एकच प्रत तुकड्यांत विभागलेली असते, कारण पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट होतो आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. या फायलींची नावे बदलू नयेत आणि रिकामी जागा दिसते म्हणून त्याच पेन ड्राइव्हवर लग्नाचे फोटो भरू नयेत.

त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट इथे सांगणे आवश्यक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अद्ययावतीनंतर संगणकातल्या अंगभूत रिकव्हरी पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. नेहमीच्या विंडोजमध्ये ते ठीक चालत, पण जिथे दुरुस्ती करायची तिथे एकही बटण दाबता येत नसे. मायक्रोसॉफ्टने हा दोष मान्य केला आणि २० ऑक्टोबरला तातडीची दुरुस्ती दिली. मधल्या काळासाठी कंपनीने जे पर्याय सुचवले, त्यांत आधी बनवून ठेवलेल्या यूएसबी रिकव्हरी ड्राइव्हवरून संगणक सुरू करणे हाही होता. ‘रिकव्हरी तर आतच असते, वेगळा पेन ड्राइव्ह कशाला?’ असे विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

बनवल्यावर लगेच त्यावरून संगणक सुरू करून पाहणे हा या कामाचा अर्धा भाग आहे आणि बहुतेक लोक तोच वगळतात. सुरू होताना एफ१२, एफ११, एफ९ किंवा एस्केप यांपैकी आपल्या कंपनीचे बटण दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा असतो. त्यासाठी सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरवरून संगणक सुरू होऊ न देणारी सुरक्षा) बंद करावे लागत नाही. आधी कीबोर्डची भाषा विचारली जाते, मग ‘ट्रबलशूट’मध्ये ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ हा पर्याय दिसतो. तो दिसला की तिथूनच मागे फिरावे, पुढे गेल्यास सगळे पुसले जाते.

चाचणीत कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडायला गेल्यावर मात्र ४८ अंकी बिटलॉकर किल्ली, म्हणजे एसएसडीवरची कुलूपबंद माहिती उघडणारा क्रमांक, मागितली गेली. विंडोज ११ होमच्या नव्या संगणकांवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केले की, हे कुलूप, म्हणजे डिव्हाइस एन्क्रिप्शन, बहुधा आपोआप चालू होते आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. घरातल्या कोणालाच याची कल्पना नसते. मी ती खात्यातून काढून वहीत उतरवली. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे उतरवताना एखादा अंक चुकला तर भागाकार करून तो गट पकडता येतो. ही वही पेन ड्राइव्हबरोबर एकाच पाकिटात ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

खरा उपयोग काही महिन्यांनी झाला. मूळची ५१२ जीबीची एसएसडी भरत आली, म्हणून १ टीबीची बसवली. आमच्याकडे अशा वेळी ‘फॉरमॅट मारून देतो, विंडोज टाकून देतो’ म्हणणारे दुकान गल्लीत असतेच. माझी हरकत त्या पद्धतीला आहे. तयार संगणकाबरोबर आलेल्या विंडोज होमचा परवाना मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (त्यातच कायम असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) नोंदलेला असतो. त्यावर कोणी कुठून तरी आणलेली प्रो आवृत्ती चढवली की पैसे मोजलेला परवाना वाया जातो आणि पडद्याच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ठाण मांडून बसते. मी जुनी एसएसडी काढून बाजूला ठेवली, नवी बसवली आणि पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केला. विभाग पाडणे, फायली उतरवणे, पुन्हा सुरू होणे हे सगळे त्याने स्वतःच केले. नवी एसएसडी कोरी असल्याने किल्लीचा प्रश्न आला नाही. इंटरनेट जोडताच ॲक्टिव्हेशन झाले. सर्वांत मोलाची गोष्ट ही की वाय-फाय आणि आवाजाचे ड्रायव्हर (ते भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) जागेवर होते.

मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूल या दुसऱ्या साधनाने बनवलेला, ८ जीबीत मावणारा पेन ड्राइव्ह इथेच कमी पडू शकतो. त्यावर ताजे, कोरे विंडोज असते, पण काही संगणकांवर वाय-फायचा ड्रायव्हर नसल्याने विंडोजची मांडणी (सेटअप) इंटरनेटच्या पडद्यावर अडते. काही इंटेल संगणकांवर तर स्टोरेजचा ड्रायव्हर वेगळा दिल्याशिवाय एसएसडीच दिसत नाही. वाय-फाय अडले तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देणे) सुरू करणे हा उपाय सहसा चालतो.

आता तक्रारी. बनलेली प्रत शाबूत आहे की नाही हे तपासण्याची सोय या साधनात नाही. निर्मात्याने विकताना भरलेली, मला नको असलेली ॲप्सही परत आली. ती काढण्यात संध्याकाळ गेली. फोटो, कागदपत्रे, टॅली किंवा श्रीलिपीसारखी नंतर टाकलेली सॉफ्टवेअर यांतले काहीही या ड्राइव्हवर नसते, त्यांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावीच लागते. शिवाय ड्राइव्ह स्वतःहून अद्ययावत होत नाही. बनवला त्या दिवशीचे विंडोज परत येते आणि त्यानंतरच्या सगळ्या अद्ययावती पुन्हा उतरवाव्या लागतात. तो वर्षातून एकदा नव्याने बनवावा, अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. विंडोजची मोठी आवृत्ती बदलल्यावर बनवला तरी ते साधते, असे मला वाटते.

शेजाऱ्यांनी हाच पेन ड्राइव्ह त्यांच्या लॅपटॉपसाठी मागितला होता. त्यात माझ्या डेस्कटॉपचे ड्रायव्हर असल्याने तो दिला नाही. त्यांचा लॅपटॉप अजून सुरू होत होता, तेव्हा त्यांच्याच लॅपटॉपवर, त्यांच्याच पेन ड्राइव्हवर, वेगळा बनवून दिला.