साठीनंतरची पहिली पेटी: साधी डबल रीड, ४२ पट्ट्या

निवृत्तीचे पैसे हातात आलेले असतात, नोकरीपायी तीस वर्षं लांबवलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम, आता घ्यायचीच असते. दुकानदारही गिऱ्हाईक ओळखतो आणि सगळ्यात आधी पुढे सरकवतो तो कपलरवाला, रीडचे (हवेने वाजणाऱ्या पितळी पात्यांचे) तीन संच असलेला स्केल चेंजर. दिसायला देखणा, किमतीला भारी. पहिली पेटी म्हणून तो घेऊ नका. या वयात शिकायला बसणाऱ्याला खरी उपयोगाची असते ती साधी पेटी: जागच्या जागी राहणाऱ्या पट्ट्या, खालच्या सुरांचा बेस आणि त्यावरचा मेल असे रीडचे दोन संच, साडेतीन सप्तकं.

स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांचा अख्खा संच बाजूला सरकतो. बोटं तीच ठेवून वेगळा सा धरून वाजवता येतं. रोज नव्या गायकाला साथ करणाऱ्याला ही सोय हवीच. शिकणाऱ्याचा सा मात्र ठरलेला असतो. पुरुषांचा बहुधा काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) किंवा त्याच्या आसपास, बायकांचा काळी चार किंवा काळी पाच. एकदा धरला की वर्षानुवर्षं तोच. ज्या सोयीला हात लागणार नाही तिच्यासाठी चार-पाच किलो जास्तीचं वजन सांभाळायचं, आणि सरकणारा संच खाचेत नीट बसला नाही की एक पट्टी दाबली तरी दोन सूर बोलतात तेही ऐकायचं. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात लाकूड फुगलं की हा त्रास हमखास.

कपलर तर बोटांच्या मुळावरच येतो. तो ओढला की दाबलेल्या पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही खाली जाते. म्हणजे एका बोटाला दोन स्प्रिंगांचा जोर लावायचा. सांधे आखडलेल्या करंगळीचं मग काय होतं ते वेगळं सांगायला नको.

दुकानात पेटी पारखायला दहा मिनिटं पुरतात, पण ती शांतपणे घ्यावीत. भाता पूर्ण भरा, बेसची एकच खुंटी (रीडच्या संचाकडे हवा सोडणारी समोरची दांडी) ओढा, मधल्या सप्तकातली एक पट्टी दाबून धरा आणि भाता थांबवा. सूर पंधरा-वीस सेकंदांच्या आत विरला तर हवा कुठून तरी गळते आहे. मग खुंट्या सगळ्या बंद करून भाता मारून पाहा; तरीही सूर ऐकू आला तर खुंटीची झडप बसत नाही. गळकी पेटी वाजते, पण डाव्या हाताला उसंत देत नाही, आणि साठीत खांदा आधी बोलतो.

त्यानंतर बेस आणि मेल वेगवेगळे घेऊन बेचाळीसच्या बेचाळीस पट्ट्या अगदी हलक्या हवेवर वाजवा. जी रीड उशिरा जागी होते तिची जीभ नीट बसलेली नाही किंवा तिच्यात कचरा आहे. दोन्ही संच एकत्र लावल्यावर सुरात लहरी उठल्या तर ते आपसात जुळलेले नाहीत. शेवटी करंगळीने पट्टी दाबून पाहा. जोर काढावा लागला तर स्प्रिंग मऊ करून मागा. कारागीर ते करून देतात, फक्त सांगावं लागतं.

एक तक्रार हमखास येते: तानपुऱ्यावर गंधार बेसूर लागतो. कान बरोबर आहे आणि पेटीही बिघडलेली नाही. पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं असतं, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. वर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, तीही निघत नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली ती अशाच आक्षेपांमुळे, आणि ती अंशतः उठायलाही १९७१ उजाडलं. आयुष्यभर गाणं ऐकून तयार झालेल्या कानाला हे फार लवकर टोचतं. त्यावर महागडी पेटी हा उपाय नव्हे. गळ्याचा रियाज तानपुऱ्यावर आणि बोटांचा पेटीवर, एवढं पथ्य पुरतं.

गुडघे मांडी घालू देत नसतील तर टेबल-खुर्ची घ्या, पण जेवणाचं टेबल नको. त्याची उंची ७५ सेंटिमीटर, वर पेटीची वीस-बावीस. पट्ट्या पार छातीशी येतात आणि खांदे उचललेले राहतात. पेटीखाली ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीचं स्टूल हवं, म्हणजे कोपर आणि पट्ट्या एका रेषेत येतात. भाता पूर्ण उघडून आपटू नये. चार बोटांनी लहान, सारखे ढकले द्यावेत. सलग तासापेक्षा वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका बऱ्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा आहेत, आणि त्या सगळ्यांना ही साधी पेटी पुरून उरते.

बिघाड ठरलेले असतात. न दाबता एखादा सूर बोलत राहिला तर पट्टीच्या मागच्या टोकाला असलेल्या चामड्याच्या झडपेखाली कण अडकलेला असतो. वरची जाळी काढून पट्टी हलकेच उचलावी आणि मऊ ब्रशने झटकावी. पावसाळ्यात पट्टी अडकली तर तेल चुकूनही सोडू नये. लाकूड ते पितं आणि आणखी फुगतं. कोरड्या खोलीत झाकण उघडं ठेवलं की चार दिवसांत ती बहुतेक मोकळी होते. पेटी जमिनीवर ठेवू नये, उंदरांना भात्याचं चामडं आवडतं.

रीडला मात्र हात लावायचा नाही. टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, हे ऐकून हात शिवशिवतात. पण एक ओरखडा जास्त गेला तर ती रीडच बदलावी लागते. नव्या रीड सुरुवातीच्या महिन्यांत थोड्या हलतातच. म्हणून सहा महिन्यांनंतरचं एक ट्यूनिंग किमतीतच धरून घ्यावं, आणि तसं बिलावर लिहून घ्यावं.