रिपोर्ट नॉर्मल, डोकं मात्र अजून जड: कन्कशननंतर कोणतं रिहॅब निवडावं?

डोक्याला मार लागून मेंदू हादरला, म्हणजे कन्कशन झालं, त्याला दोन महिने उलटले. सीटी स्कॅन स्वच्छ आला. तरी सकाळी उठल्यावर डोकं जड, मोबाइल पाहिला की डोळे ओढल्यासारखे, गर्दीत शिरलं की भोवळ. अशा माणसापाशी एव्हाना चार सल्ले जमा झालेले असतात. घरचे म्हणतात, पडून राहा, होईल बरं. मित्र व्यायामाचा तक्ता पाठवतो. फिजिओथेरपिस्ट म्हणतो, मानेवर काम करू. आणि एखादं केंद्र ‘खास तुमच्यासाठी आखलेला’ आठ आठवड्यांचा कार्यक्रम पुढ्यात ठेवतं. चारही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रश्न एवढाच, की तुमची जागा कोणती.

त्याआधी एक गोष्ट निकालात काढू. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत असेल, वारंवार उलट्या होत असतील, हातापायात कमजोरी, फिट, बोलण्यात गडबड किंवा न आवरणारी गुंगी असेल, तर हा लेख मिटून थेट इस्पितळ गाठा. वय जास्त असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर विशेष सावध राहा. मेंदूभोवती हळूहळू साचणारं रक्त कधी कधी काही आठवड्यांनी त्रास देऊ लागतं.

हे काही नसेल तर ‘स्कॅन नॉर्मल’चा अर्थ नीट घ्यायला हवा. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाडाची मोड शोधतो. कन्कशनमध्ये बिघडतं ते मुख्यतः कामकाज: रक्तप्रवाहाचं नियमन, तोल सांभाळणारी यंत्रणा, डोळ्यांचा समन्वय, झोप. ते चित्रात दिसत नाही. म्हणून स्कॅन स्वच्छ येणं आणि त्रास खरा असणं, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. २०२२ साली ॲम्स्टरडॅमला भरलेल्या खेळांतील कन्कशनविषयक परिषदेने चार आठवड्यांपलीकडे टिकणाऱ्या लक्षणांना ‘रेंगाळलेली’ म्हटलं आहे. बहुतेकांचं त्याच्या आतच निभावतं. पुढचं सगळं उरलेल्यांसाठी.

पडून राहणं

अंधारी खोली, पुस्तक नाही, फोन नाही, महिनाभर. ही जुनी रीत आता बाद झाली आहे. ११ ते २२ वयोगटातल्या रुग्णांवरचा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच दिवस कडक विश्रांती घेणाऱ्यांनी, एक-दोन दिवस आराम करून हळूहळू कामाला लागणाऱ्यांपेक्षा जास्त लक्षणं नोंदवली. आज सांगितला जातो तो पहिल्या २४ ते ४८ तासांचा आराम, तोही घरातल्या घरात वावरत, स्क्रीन कमी ठेवून. दोन महिन्यांनंतर पडून राहण्यात काहीच पदरात पडत नाही. उलट शरीराचा दम कमी होतो, झोपेचं घड्याळ बिघडतं, आणि जरा हललं की त्रास होईल ही धास्ती घर करते.

वाट पाहण्याची बाजू घ्यायचीच तर एवढंच म्हणता येईल: दुखापतीला दोन-तीन आठवडेच झाले असतील आणि दर आठवड्याला थोडा थोडा फरक दिसत असेल, तर कुठल्याही कार्यक्रमात नाव घालायची घाई नको. अशा वेळी वाट पाहणं हा आळस नाही.

छापील तक्ता किंवा ॲप

पहिला आठवडा चालणं, दुसरा सायकल, तिसरा हलकं धावणं. याचा मोठा गुण म्हणजे घरी होतं आणि हाताशी असतं. हालचाल औषधासारखी काम करते याला पुरावाही आहे: १३ ते १८ वर्षांच्या १०३ खेळाडूंवरच्या, २०१९ च्या अभ्यासात लवकर हलका एरोबिक व्यायाम सुरू केलेल्यांना बरं व्हायला मध्यक १३ दिवस लागले (म्हणजे निम्मे तेवढ्यात बरे झाले), नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांना १७. चार दिवसांचा फरक फार वाटत नाही, पण लक्षात घ्या, थोड्याच वर्षांपूर्वी याच मुलांना हलू नका म्हणून सांगितलं जात होतं.

मात्र हा अभ्यास ताज्या दुखापतीचा, आणि त्यातला व्यायामही मोजून दिलेला होता. छापील तक्त्याची अडचण इथेच आहे. त्याला तुमची मर्यादा माहीत नसते. एकाला २० मिनिटं चालून काही होत नाही, दुसऱ्याचं डोकं सातव्या मिनिटाला ठणकू लागतं. तक्ता दोघांना सारखंच सांगतो. पहिला कंटाळतो, दुसरा दोन दिवस आडवा होतो आणि ‘व्यायाम मला सोसत नाही’ असं कायमचं ठरवून टाकतो. त्यात चक्कर मानेतून येत असेल किंवा कानातून, तर चालण्याच्या तक्त्यात त्याचं उत्तरच नसतं.

एका तज्ज्ञाकडे, एका त्रासासाठी

या पर्यायाला लोक उगाच कमी लेखतात. तुमचा त्रास मुख्यतः एकाच ठिकाणी अडकला असेल तर मोठ्या कार्यक्रमाची गरजच नसते.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण चकरेचं. बिछान्यात कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद खोली गरगर फिरत असेल, तर डोक्याच्या माराने आतल्या कानातले बारीक कण जागचे हललेले असू शकतात. तपासणी काही मिनिटांची, आणि डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते कण परत जागी नेण्याची इप्लीची पद्धत पुष्कळदा एक-दोन बैठकांत काम फत्ते करते. अशा माणसाला आठ आठवड्यांचं पॅकेज म्हणजे काट्यासाठी कुऱ्हाड.

तसंच मानेचं. डोकं हादरतं तेव्हा मानही हादरते. मानेच्या वरच्या सांध्यांचं दुखणं डोक्याच्या मागून कपाळापर्यंत चढतं आणि माणूस ‘मेंदूचं दुखणं’ म्हणून घाबरतो. मान आणि तोल यांवर एकत्र काम करणाऱ्या फिजिओथेरपीचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा पण नीटस प्रयोग आहे. १२ ते ३० वर्षांच्या, चक्कर, मानदुखी किंवा डोकेदुखी रेंगाळलेल्या लोकांत आठ आठवड्यांनी उपचार गटातल्या १५ पैकी ११ जणांना डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. दुसऱ्या गटात १४ पैकी एकालाच. माणसं थोडी आहेत, हे खरंच. पण एवढी दरी सहसा दिसत नाही.

इथे चकरेच्या गोळ्यांबद्दल दोन शब्द. सिनॅरिझिन किंवा मेक्लिझिनसारख्या गोळ्या पहिल्या काही दिवसांत आराम देतात. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूचं नव्या तोलाशी जुळवून घेणं लांबतं. पेनकिलरचंही असंच. साधी डोकेदुखीची गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस घेतली जात असेल तर ती गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. रिहॅब कितीही चांगलं असलं तरी या गाठीवर आपटतं. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. पण बोला जरूर.

एकाच तज्ज्ञाचा तोटा उघड आहे. ज्याच्या हातात मान, त्याला सगळं मानेतून आलेलं दिसतं. चार-सहा बैठकांनंतर मान मोकळी झाली पण वाचताना अक्षरं अजून दोन दिसतात, झोप अजून तुटते, तर तिथेच दहा बैठका वाढवण्यात अर्थ नाही.

खास आखलेला कार्यक्रम

आता मुख्य गोष्ट. ‘पर्सनलाइज्ड’ हा शब्द आजकाल साबणावरही असतो, त्यामुळे तो कशाला लावलाय हे पाहायला हवं. माझ्या मते वैयक्तिकपणा दोनच ठिकाणी असतो: पहिल्या तपासणीत, आणि आखणी बदलण्याच्या तयारीत. किती तज्ज्ञ आहेत, यंत्रं कोणती आहेत, ही सजावट.

चांगली पहिली तपासणी लांब असते. मान तपासतात. डोळे एका बिंदूवर कितपत एकत्र येतात ते पाहतात. डोकं हलवत नजर स्थिर ठेवायला सांगतात आणि त्याने काय होतं ते नोंदवतात. झोप, आधीची अर्धशिशी, मनावरचा ताण, कामाचं स्वरूप विचारतात. आणि ट्रेडमिलवर चढवतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथे विकसित झालेल्या चाचणीत वेग तोच ठेवून चढ दर मिनिटाला थोडा थोडा वाढवतात आणि लक्षणं ठळकपणे वाढली की थांबवतात. त्या क्षणीचे हृदयाचे ठोके हीच तुमची मर्यादा. व्यायाम तिच्या साधारण ८० ते ९० टक्क्यांवर दिला जातो. म्हणजे १४० ठोक्यांना डोकं ठणकलं तर रोज २० मिनिटं ११२ ते १२६ च्या दरम्यान. काही दिवसांनी मर्यादा वर सरकते, आकडाही सरकतो. छापील तक्त्यात नसलेली गोष्ट नेमकी हीच. (हृदयविकार असेल किंवा ठोके मंद करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा हिशेब असाच्या असा लागू होत नाही, आधी सांगा.)

दुसरा फायदा क्रमाचा. मान दुखते, झोप नाही, चक्कर आहे, वाचता येत नाही, आणि नोकरीवर परतायचंय: अशा गुंत्यात आधी काय सोडवायचं हे ठरवणारं कोणीतरी एक लागतं. बहुधा झोप आणि डोकेदुखी आधी, कारण ती सुधारली नाही तर तोलाचे व्यायाम सोसतच नाहीत. कामाचंही मोजमाप बसवावं लागतं. चांगल्या दिवशी आठवड्याची कामं उरकायची आणि मग तीन दिवस झोपून काढायचे, हा फेरा व्यायामापेक्षा वेळापत्रकाने तुटतो. त्यात मानसोपचारतज्ज्ञाचं नाव आलं की लोक बिथरतात, ‘म्हणजे माझ्या मनाचे खेळ का?’ तसं नाही. लक्षणांची धास्ती लक्षणांना खतपाणी घालते, आणि त्या धास्तीवर काम करता येतं, एवढाच त्याचा अर्थ.

पुरावा मात्र सावधपणे वाचावा. प्रत्येकाला वेगळं मिश्रण मिळत असल्याने अशा कार्यक्रमाची चाचणी घेणं अवघड. डेन्मार्कमध्ये दुखापतीनंतर दोन ते सहा महिने त्रास टिकलेल्या, १५ ते ३० वर्षांच्या ११२ जणांवर झालेल्या अभ्यासात अनेक शाखांच्या एकत्रित कार्यक्रमाने नेहमीच्या उपचारांपेक्षा लक्षणं जास्त कमी केली. जादू नव्हती, आणि सगळे पूर्ण बरेही झाले नाहीत.

तोटेही आहेत. वेळ खूप जातो, खर्च वाढतो, आणि मेंदू लवकर थकणाऱ्या माणसाला तीन तज्ज्ञांच्या फेऱ्या हाच एक त्रास होतो. शिवाय या नावाखाली काहीही विकलं जातं. उदाहरणार्थ हायपरबेरिक ऑक्सिजन, म्हणजे जास्त दाबाच्या बंद कक्षात दिला जाणारा ऑक्सिजन: अमेरिकी सैनिकांवरच्या चाचण्यांत खोट्या सत्रांनीही तितकाच फरक पडला. महागडी मेंदूची विशेष चित्रणं किंवा रक्तचाचण्या अजून संशोधनाच्या कामाच्या आहेत, नेहमीच्या उपचारांत त्यांच्यावर आखणी करण्याइतक्या पक्क्या नाहीत.

मग कोणी काय घ्यावं

महिना भरला नसेल आणि सुधारणा चालू असेल तर हळूहळू चालणं आणि नियमित झोप पुरे. चार आठवडे उलटले, त्रास एकाच जातीचा, तर त्या एका गोष्टीचा चांगला तज्ज्ञ गाठा. त्रास तीन-चार जातींचा गुंतलेला असेल, आधीपासून अर्धशिशी किंवा चिंतेचा विकार असेल, एका ठिकाणचे उपचार अडकले असतील किंवा काम, शिक्षण थांबलं असेल, तर खास आखलेल्या कार्यक्रमाचा खर्च आणि वेळ वसूल होण्याची शक्यता जास्त. जवळ असं केंद्रच नसेल, तरी एक जाणकार फिजिओथेरपिस्ट आणि लक्ष घालणारा डॉक्टर मिळून यातलं पुष्कळ जमवू शकतात, फक्त दोघांनी एकमेकांशी बोललं पाहिजे.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या. माझी मर्यादा कशी मोजणार? चार आठवड्यांत फरक नाही पडला तर काय बदलणार? आणि हे कधी संपणार? पहिल्या प्रश्नाला आकडा, दुसऱ्याला ठोस पर्याय आणि तिसऱ्याला तारीख किंवा निकष मिळाला तर पुढे जा. तपासायच्या आधीच छापील पॅकेज पुढ्यात आलं तर उठा, ते पॅकेज तुमच्यासाठी आखलेलं नाही. आणि सुरू केल्यावर घरी एक वही ठेवा: काय केलं, लक्षणं दहापैकी किती वाढली, किती वेळात उतरली. आधीपेक्षा दोन गुणांपर्यंत वाढून तासाभरात खाली आली तर ते चालतं. त्याहून जास्त वेळ राहिली तर दुसऱ्या दिवशीचा व्यायाम कमी करायचा, बंद नाही.