पाच-सहा दिवस हाताशी असतील तर: प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट की क्योतो-नारा-ओसाका?

गेल्या काही महिन्यांत तिघांनी मला हा एकच प्रश्न विचारला. आठवडाभराची रजा, त्यातून येण्याजाण्याचे दिवस वजा केले की पाच-सहा दिवस उरतात. मध्य युरोप करावा की जपानचा कान्साई भाग? मी दोन्ही केले आहेत आणि दोन्ही वेळा आई सोबत होती. आई बहात्तर वर्षांची, गुडघे कुरकुरणारे, पण बघायची हौस दांडगी. यंदा मावशीलाही न्यायचं ठरलं, आणि नव्या जागेचा धोका पत्करण्यापेक्षा या दोन्हींतल्या एका ठिकाणी पुन्हा जावं असं वाटलं. मग निवड करावीच लागली. ती कशी केली ते सांगतो. तुमचं गणित वेगळं असू शकतं.

‘बघायला जास्त कुठे’ या मुद्द्यावर निवडायला जाल तर अडकून बसाल. व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात ब्रॉयगेलचं 1565 सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र आहे. त्यासमोर आई बाकावर बसली ती अर्धा तास उठली नाही. खालच्या गोठलेल्या तळ्यावर खेळणारी इवलीइवली माणसं ती एकेक करून मला दाखवत होती. प्रागचा चार्ल्स पूल 1357 मध्ये बांधायला घेतला; तो पहाटे सहाला, गर्दी यायच्या आत बघितला तर त्यावरचे काळवंडलेले पुतळे आणि खालची व्लताव्हा नदी तुमच्या एकट्याच्या असतात. बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठाने जाणाऱ्या दोन नंबरच्या ट्रामची खिडकी मिळाली की वेगळी नौका-सफर केली नाही तरी चालतं, असं माझं मत.

पण क्योतोचं सांजुसान्गेन-दो हे मंदिरही मनातून जात नाही. लाकडी लांबलचक दालन, त्यात कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वाच्या एक हजार एक मूर्ती रांगांनी उभ्या, मधोमध एक मोठी बसलेली. त्यांच्या पुढे अठ्ठावीस रक्षक देवता आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच मूळच्या आपल्याच. आत फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. माणसं नीट बघतात. नाराच्या तोदाइजी मंदिरातला कांस्याचा बुद्ध साधारण पंधरा मीटर उंच. त्याचे डोळे उघडण्याचा विधी 752 साली झाला, आणि तो करणारा भिक्खू होता भारतातून गेलेला बोधिसेन. हे आईला तिथेच, त्या मूर्तीसमोर सांगितलं. तिने हात जोडलेलेच होते, ते आणखी थोडा वेळ तसेच राहिले.

तेव्हा बघण्यात बरोबरी. ये-जा मात्र सारखी नाही. युरोपातली तीन शहरं म्हणजे तीन मुक्काम: प्राग ते व्हिएन्ना गाडीने चार तास, पुढे बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. गाड्या सुरेख, खिडकीबाहेरचा प्रदेशही सुरेख, पण दर दोन दिवसांनी बॅग भरायची, दगडी फरशांवरून ती खडखडत ओढायची. कान्साईत क्योतोला एकच खोली घेतली. नारा तिथून पाऊण तास, ओसाका अर्धा तास. सकाळी रिकाम्या हाताने निघायचं, रात्री त्याच पलंगावर यायचं. आईसारख्या माणसाला याचं मोल फार.

तरीही निर्णय यावर झाला नाही. माझ्यापुरता तो झाला स्वच्छतागृहांवर.

मध्य युरोपात सार्वजनिक स्वच्छतागृहाला बहुतेक ठिकाणी पैसे पडतात. रक्कम किरकोळ असते, तक्रार पैशांची नाहीच. तक्रार नाण्यांची आहे. तीन देश आणि तीन चलनं: झेक कोरुना, युरो, फॉरिंट. एका देशात जमवलेली चिल्लर पुढच्या देशात कामाची नाही. मुक्काम बदलला त्या दिवशी एका मोठ्या स्थानकावर उतरलो. समोर फिरत्या दांड्याचं फाटक, बाजूला नाणी टाकायची खाच. कार्डाची सोय दिसत होती, पण तिच्यावर कागद चिकटवलेला. माझ्याकडे नोटा होत्या, सुटं काही नाही. आई मागे पर्स छातीशी धरून उभी. एक शब्द बोलली नाही. मी धावत पावाच्या दुकानापर्यंत गेलो, रांगेत उभा राहिलो, नको असलेला बन घेतला आणि सुटे मागितले. परत आलो तेव्हा ती त्याच जागी, तशीच उभी होती.

त्यानंतर आईने दिवसा पाणी पिणंच सोडलं. मला ते सांगितलं नाही. रात्री पिशवी उपसताना बाटली हाताला लागली, ती सकाळी भरली होती तेवढीच भरलेली. व्हिएन्नासारख्या शहरात हे व्हावं याचं मला आजही वाईट वाटतं. तिथे नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, 1873 पासून येतं आहे, रस्त्यात ठिकठिकाणी पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. आणि ती त्यांच्या शेजारून तहानलेली चालत होती. बुडापेस्टला मच्छीमारांच्या बुरुजावर तिला भोवळ आली. खाली नदी, पलीकडे संसदेचं ते भव्य घुमट, आणि आम्ही दोघं पायरीवर पाठमोरे बसलेलो, मी तिला घोट घोट पाणी पाजतोय. त्या दिवशीचं पुढचं सगळं रद्द केलं.

न्यायाने सांगायचं तर यावर उपाय आहेत. संग्रहालयात एकदा तिकीट काढून गेलात की सोय असतेच. कॉफी प्यायला बसलात की प्रश्न मिटतो, आणि व्हिएन्नाच्या कॉफीघरांत बसणं हा स्वतंत्र आनंद आहे. पण मग दिवसाचा नकाशा त्या सोयीभोवती आखावा लागतो. तरुण माणसाला हे जाणवणारही नाही. मला आई सोबत नसती तर कदाचित लक्षातही राहिलं नसतं.

क्योतोला दुसऱ्या दिवसापासून आईने मला विचारायचंच सोडलं. स्थानकात, बागेत, मंदिराच्या आवारात, कोपऱ्यावरच्या चोवीस तास दुकानात, जिथे बघाल तिथे स्वच्छतागृह. फुकट, आणि स्वच्छ. बहुतेक ठिकाणी पाण्याचा फवारा, उठायला धरायचा दांडा, पिशवी अडकवायला आकडा. एवढंच की हात पुसायला कागद नसतो, म्हणून रुमाल जवळ हवा. नोव्हेंबर होता. तिथल्या यंत्रांतून थंड पेयांबरोबर गरम चहाच्या बाटल्याही मिळतात, गरमवाल्यांखाली लाल पट्टी असते. आई ती लाल पट्टी शोधायला शिकली. बाटली दोन्ही तळव्यांत धरून आधी हात शेकायची, मग सावकाश पीत फुशिमी इनारी देवस्थानाच्या, डोंगरावर चढत जाणाऱ्या केशरी कमानींखालून चालायची. पूर्ण डोंगर आम्ही चढलो नाही, त्याची गरजही नव्हती.

आता जपानचं उणं. शाकाहारी असाल तर खरी कसरत आहे. सूप, नूडल्स, भाजीसुद्धा ज्या रश्शात शिजते तो ‘दाशी’ बहुधा वाळवलेल्या माशाचा असतो, आणि मासा दिसत नाही म्हणून वाढणाऱ्याला ते सांगण्यासारखं वाटत नाही. मंदिरांमधलं शोजिन जेवण शाकाहारी असतं, पण रोज दोन्ही वेळा तेच खाणार का? या बाबतीत युरोप सरळ पुढे: प्रागचं तळलेलं चीज, बुडापेस्टचं लांगोश म्हणजे तळलेली जाड पोळी, मेनूवर वाचून मागवता येतं. क्योतोच्या बसगाड्या खचाखच भरतात, म्हणून शक्य तिथे मेट्रो आणि रेल्वे धरा. कचरापेट्या जवळपास नाहीतच. संत्र्याची सालं आम्ही खोलीपर्यंत वागवली. मंदिरांत बूट काढणं-घालणं दिवसात पाच-सहा वेळा होतं, तेव्हा नाड्यांचे नेऊ नका.

उजेडाचाही विचार करा. मे महिन्यात व्हिएन्नाला रात्री साडेआठच्या सुमारास सूर्य मावळतो, नोव्हेंबरात क्योतोला पाचच्या आसपास, आणि मंदिरं त्याच सुमाराला बंद होतात. सकाळी उशिरा उठणाऱ्यांना क्योतो झेपत नाही. आई पाचला उठते, आम्हाला ते पथ्यावर पडलं.

तर चित्रं आणि संगीत हा तुमचा जीव असेल, पाय धड असतील, खाण्याचे निर्बंध कडक असतील, तर बिनदिक्कत व्हिएन्ना धरा. तीनऐवजी दोनच शहरं करा, आणि देश बदलला की पहिल्या दुकानात नोट मोडून चिल्लर वेगळ्या कप्प्यात ठेवा. घरातलं वयस्कर माणूस सोबत असेल तर मात्र मी तरी कान्साईच म्हणेन. मावशी पक्की शाकाहारी आहे, त्यामुळे या वेळी क्योतोला छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घेतली आहे, स्थानकाजवळची. तांदूळ आणि भाज्या तिथेच मिळतात. मसाल्याचा डबा तेवढा सोबत.

तिकिटं काढल्याचं कळवायला आईने मावशीला फोन लावला. मी शेजारच्या खोलीत होतो. मंदिरं, नारातली हरणं, बुद्ध यांतलं काही निघायच्या आधीच ती म्हणाली, “आणि हे बघ, तिथे पाणी पी गं खुशाल.”