पिल्लांच्या सामाजिकीकरणाचा वर्ग : एक परीक्षण
कुत्र्याच्या पिल्लाचा तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याचा स्वभाव घडवणारा असतो, आणि आम्ही आमच्या पिल्लाला ज्या सामाजिकीकरणाच्या, म्हणजे अनोळखी वस्तू, माणसे व इतर पिल्ले यांची न घाबरता सवय लावण्याच्या, वर्गात घातले तेथील प्रशिक्षिकेला याची पक्की जाण आहे. पहिली लस व जंतनाशक देऊन किमान 7 दिवस झाल्याखेरीज त्या कोणत्याही पिल्लाला प्रवेश देत नाहीत. फरशीही दर वेळी जंतुनाशकाने पुसून घेतात.

छत्री उघडताच आमचे पिल्लू शेपूट पोटाखाली घेऊन मागे सरले, तेव्हा बाईंनी त्याला ओढून पुढे न आणता मिटलेली छत्री जमिनीवर ठेवली, भोवती खाऊ टाकला आणि ते आपणहून हुंगायला येईपर्यंत शांतपणे वाट पाहिली. या वयात बसलेली धास्ती पुढे दीर्घकाळ टिकू शकते, म्हणून हा धीर मला फार मोलाचा वाटतो. खेळताना चावा जोरात लागला की दुसरे पिल्लू केकाटून बाजूला होते. दातांचा जोर आवरायला याहून चांगला गुरू नाही.

मात्र तुकडीत पिल्लांची गर्दी फार होते. बुजऱ्या पिल्लांसाठी वेगळी, लहान तुकडी सुरू करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.