नॉर्मंडीचा किनारा: एत्रता की माँ-सँ-मिशेल?

फ्रान्समधल्या नॉर्मंडीत एकाच ठिकाणी जायला वेळ असेल, तर मी एत्रता हे समुद्रकाठचे गाव निवडेन. इथले कडे पांढऱ्या खडूचे, त्यांत चकमकीच्या दगडाचे काळपट थर. लाटांनी पाया पोखरला की कडा ढासळतो. खडू पाण्यात विरून जातो, चकमक मात्र उरते आणि घासून गोल होते. म्हणून इथे नुसते गोटे. लाट मागे सरली की ते खळखळत घरंगळतात. एखादा खिशात टाकावासा वाटतो, पण उचलायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

माँ-सँ-मिशेल या मठ असलेल्या बेटाभोवतीचा उपसागर मात्र अगदी सपाट. मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत सुमारे १४ मीटरचा फरक पडतो. खारट कुरणांत मेंढ्या चरतात. ओली वाळू पाय धरते, वाटाड्याशिवाय उतरू नये.